रिकाम्या कुरणाचा भरलेला नकाशा

माझा भाचा अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात शिकतो. गेल्या दिवाळीत घरी आला तेव्हा त्याने गुंडाळी केलेला एक जुना कागद आणला. तिकडच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळालेला सरकारी नकाशा होता तो. जेवणाच्या टेबलावर पसरला, परत गुंडाळू नये म्हणून चार कोपऱ्यांवर स्टीलची चार फुलपात्री ठेवली आणि घरातले सगळे वाकून बघायला लागलो. कागदभर तपकिरी रेषांची वेटोळी, अंगठ्याच्या ठशासारखी. मधूनमधून निळे तुकडे. त्यावरून आखलेल्या बारीक तांबड्या सरळ रेषा. आईने चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "यात गाव कुठंय रे?"

गाव नव्हतंच. एक कच्चा रस्ता होता, बोटांवर मोजता येतील एवढे घरांचे काळे चौकोन होते आणि पंधरा-वीस ठिकाणी एकच शब्द छापला होता: विंडमिल. म्हणजे पवनचक्की.

असे जुने नकाशे आता कुणालाही फुकट बघता येतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १८८४ पासूनचे पावणेदोन लाखांहून जास्त नकाशे स्कॅन करून इंटरनेटवर ठेवलेत. लोक ते उतरवून घेतात, फ्रेम करून भिंतीला लावतात. पण वाचायला बसलं की गोंधळ होतो. इतक्या ओसाड जागेचा इतका बारीक नकाशा कशासाठी केला? मोबाइलवर दिसणारी जागा आणि कागदावरची जागा जुळत का नाही? आणि आज त्याचा उपयोग काय? माझे वडील मोजणी खात्यात होते, नकाशांच्या घडीत माझं लहानपण गेलं. म्हणून हा कागद मला जसा उलगडला तसा इथे मांडतो.

एका कागदावर दोन नकाशे

ज्या नकाशात जमिनीचा चढउतार दाखवलेला असतो त्याला टोपोग्राफिक नकाशा म्हणतात. आपल्याकडे सह्याद्रीत भटकणारी मंडळी त्याला टोपोशीट म्हणतात. रस्त्यांच्या नकाशात पुणे ते महाबळेश्वर ही एक रेघ असते. टोपोशीटमध्ये त्या रेघेखालचा पसरणीचा घाटही दिसतो.

पूर्वी हे नकाशे तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापत. एकेका रंगाचा पत्रा वेगळा. कापडावर ठसे मारून छपाई करतात ना, आधी एका रंगाचा ठसा, मग त्याच जागी अचूक बसवून दुसरा, तसंच. काळा रंग माणसाने केलेल्या गोष्टींचा: घरं, रस्ते, रेल्वे, नावं. निळा पाण्याचा. तपकिरी उंचसखलपणाचा. पुढे झाडीसाठी हिरवा आला आणि जमिनीच्या सरकारी आखणीसाठी तांबडा.

भाच्याच्या नकाशात हिरवा जवळजवळ नाहीच. तिथे झाडं नाहीत, गवत आहे. त्यामुळे कागदावर खरा सामना राहतो तो तांबड्याचा आणि तपकिरी-निळ्याचा. तांबड्या रेषा म्हणजे राजधानीत बसून माणसाने आखलेली जमीन. तपकिरी आणि निळ्या रेषा म्हणजे वाऱ्याने आणि पाण्याने आखलेली जमीन. दोन्ही एकमेकांवर छापल्या आहेत आणि त्या कुठेही जुळत नाहीत. या प्रदेशाचा दीडशे वर्षांचा इतिहास त्या न जुळण्यात आहे.

तपकिरी वेटोळी: गवताने धरून ठेवलेली वाळू

आधी तपकिरी रेषा. त्यांना समोच्च रेषा म्हणतात: एकाच रेषेवरची सगळी ठिकाणं समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर. व्याख्या ऐकून डोकं गरगरत असेल तर मे महिन्यात कोयनेच्या किंवा पानशेतच्या काठावर जाऊन बघा. पाणी उतरत जातं तसे डोंगराच्या अंगावर पट्टे उमटत जातात. जिथे उतार मंद तिथे दोन पट्ट्यांत चांगलं अंतर, जिथे कडा तिथे पट्टे एकमेकांना चिकटलेले. हेच पट्टे विमानातून बघून कागदावर उतरवले की समोच्च रेषा झाल्या.

या नकाशात मात्र एक वेगळी गंमत आहे. कितीतरी वेटोळ्यांना आतल्या बाजूने बारीक दाते काढलेत, करवतीसारखे. दात्यांचं वेटोळं म्हणजे टेकडी नव्हे, खळगा. चारही बाजूंनी बंद असलेली वाटी. आपल्या डोंगरात असे खळगे विरळा, कारण पाऊस पडतो, पाणी कुठूनतरी वाट काढतं आणि ओढा तयार होतो. इथे मात्र कागदभर वाट्याच वाट्या आहेत आणि ओढे जवळजवळ नाहीत. का? कारण ही जमीन वाळूची आहे.

या प्रदेशाला सँडहिल्स म्हणतात, म्हणजे वाळूच्या टेकड्या. नेब्रास्काचा जवळपास चौथा भाग त्यांनी व्यापलाय. काही टेकड्या चारशे फूट उंच आहेत आणि काहींची लांबी मैलोन्‌मैल भरते. राजस्थानातल्या वाळवंटात असतात तशाच या टेकड्या वाऱ्याने रचल्या. फरक एवढाच की त्यांच्यावर गवत उगवलं आणि गवताच्या मुळांनी वाळू जागच्या जागी धरून ठेवली. सात-आठशे ते हजार वर्षांपूर्वी मोठा दुष्काळ पडला तेव्हा हीच वाळू पुन्हा चालायला लागली होती. आजही एखाद्या ठिकाणचं गवत फाटलं की वारा तिथे खड्डा करत जातो. तो वाढू नये म्हणून तिथले गुराखी त्यात गाड्यांचे जुने टायर टाकून ठेवतात.

पाऊस पडला की वाळू तो पिऊन टाकते. मग वाहायला पाणी उरतच नाही. पाणी नाहीसं होत नाही, खाली जातं. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या नदीच्या पात्रात आपल्या बायाबापड्या वाळू उकरून झिरा काढतात. हातभर खणलं की खड्ड्यात पाणी डोकावतं. सँडहिल्स म्हणजे एकोणीस-वीस हजार चौरस मैलांचं असं पात्र समजा. नकाशावरचे निळे तुकडे हे त्यातले आपोआप उघडे पडलेले झिरे. टेकड्यांमधली वाटी जिथे पुरेशी खोल आहे तिथे जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर दिसते आणि तळं होतं. ज्या तळ्यांवर नुसत्या निळ्या तिरप्या रेघा आहेत ती बारमाही नसतात.

तांबडे चौकोन: गुंठ्याचा अमेरिकन भाऊ

आता तांबड्या रेषा. नवीन झालेल्या अमेरिकेने १७८५ मध्ये कायदा केला की पश्चिमेची जमीन विकायची तर आधी मोजायची, आणि मोजायची ती चौकोनात. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशा चौकोनाला टाऊनशिप हे नाव. तिचे छत्तीस तुकडे, एकेक मैलाचे. प्रत्येक तुकडा म्हणजे सेक्शन. एका सेक्शनमध्ये ६४० एकर.

सेक्शनला क्रमांक देण्याची रीत शेतकऱ्याला लगेच कळेल. पहिला क्रमांक वरच्या उजव्या कोपऱ्यात. तिथून डावीकडे सहापर्यंत जायचं, मग खालच्या ओळीत उतरून उलट दिशेने सातपासून बारापर्यंत. नांगर शेताच्या कडेला गेला की बैल वळवून उलटं तास घालतात, अगदी तसंच. छत्तिसावा सेक्शन खालच्या उजव्या कोपऱ्यात येतो.

भाच्याच्या नकाशाच्या कडेला तांबड्या शाईत लिहिलं होतं: टी २७ एन, आर ३४ डब्ल्यू. हा गूढ मंत्र नाही, पत्ता आहे. नेब्रास्का आणि कॅन्सस यांच्या सीमेवरून, बरोबर ४० अंश अक्षांशावर, पायाची आडवी रेषा धरली आहे. तिथून उत्तरेकडे टाऊनशिपचे थर मोजत गेलं की हा सत्ताविसावा थर. आणि राज्याच्या पूर्व भागातून जाणाऱ्या उभ्या रेषेपासून पश्चिमेकडे चौतिसावी रांग. आधीच्या २६ थरांना आणि ३३ रांगांना सहाने गुणलं की कळतं, आपण पायाच्या रेषेपासून १५६ मैल उत्तरेला आणि उभ्या रेषेपासून १९८ मैल पश्चिमेला आलो. म्हणजे चेरी काउंटीत, नेब्रास्काच्या सगळ्यात मोठ्या तालुक्यात म्हणा ना. तिचं क्षेत्रफळ सुमारे सहा हजार चौरस मैल आणि २०२० च्या जनगणनेत माणसं साडेपाच हजारांच्या आतबाहेर.

ही मोजणी साखळीने झाली. एडमंड गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये सुचवलेली ६६ फुटांची साखळी. ऐंशी साखळ्यांचा एक मैल आणि दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. हे वाचताना मला वडिलांच्या ३३ फुटांच्या साखळीची आठवण झाली. आपला गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. ३३ ही ६६ ची बरोबर निम्मी! इंग्रजांनी आणलेला एकर आपल्या गुंठ्यात इतका नेमका बसतो तो याच साखळीमुळे. म्हणजे सातबाऱ्यावरचा गुंठा आणि नेब्रास्कातला तांबडा चौकोन एकाच मापाचे निघाले. एक सेक्शन म्हणजे २५,६०० गुंठे.

पण पृथ्वी गोल आहे आणि चौकोन सपाट. संत्र्याच्या फोडी वरच्या टोकाला निमुळत्या होतात तशा उत्तरेकडे जाणाऱ्या उभ्या रेषा एकमेकींजवळ येतात. चौकोन पुरा बसतच नाही. म्हणून ठरावीक अंतरावर आखणी नव्याने सुरू करावी लागते आणि उरलेली कसर टाऊनशिपच्या उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनमध्ये टाकली जाते. तिकडचा नाकासमोर जाणारा रस्ता मध्येच काटकोनात वळून पुन्हा सरळ होतो, ते बऱ्याचदा याच कारणाने.

चौकोन जमिनीला मानवला का?

नाही मानवला.

१८६२ च्या कायद्याने सरकारने जाहीर केलं की जो पाच वर्षं राहून जमीन कसेल त्याला १६० एकर मिळतील. पूर्वेकडच्या काळ्या, ओल्या मातीत १६० एकर म्हणजे चंगळ. सँडहिल्समध्ये तेवढ्यात कुटुंब जगत नव्हतं. वाळू नांगरली की वाऱ्यावर जाते. तिथे गुरंच पाळता येतात, आणि गुरांना चरायला गवत भरपूर लागतं. म्हणूनच तिथे रँच असतात, म्हणजे हजारो एकरांची खाजगी कुरणं.

हे आधीच ओळखणारा एक माणूस होता: जॉन वेस्ली पॉवेल. यादवी युद्धात एक हात गमावलेला, कोलोरॅडो नदीच्या घळईतून होडीने गेलेला. १८७८ च्या अहवालात त्याने सांगितलं की कोरड्या मुलखात चराईच्या रँचला २,५६० एकर तरी द्यायला हवेत, आणि हद्दी चौकोनात न आखता पाण्याच्या सोयीने आखाव्यात, प्रत्येकाच्या वाट्याला थोडं पाणी येईल अशा. कुणी ऐकलं नाही. पुढे १८८१ मध्ये तोच भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा प्रमुख झाला आणि संपूर्ण देशाचे टोपोग्राफिक नकाशे करायचं काम त्याने सुरू केलं. पाणी कुठे आहे हे कागदावर दिसलं तर निदान पुढची आखणी शहाणपणाने होईल, हा त्यामागचा त्याचा मोठा आग्रह होता. चोवीस वर्षांत काम पुरं होईल असा अंदाज त्याने दिला होता. बारीक प्रमाणातले नकाशे पुरे व्हायला १९९२ साल उजाडलं.

इतक्या ओसाड जागेचा नकाशा कशासाठी, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं. ओसाड जागेतच पाण्याचा एकेक थेंब कुठे आहे हे माहीत असावं लागतं.

सरकारने १९०४ मध्ये चूक थोडी दुरुस्त केली. मोझेस किंकेड या खासदाराच्या कायद्याने नेब्रास्काच्या वायव्येकडच्या ३७ काउंट्यांमध्ये १६० ऐवजी ६४० एकर, म्हणजे पुरा सेक्शन द्यायचं ठरलं. माणसं आली, गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांची घरं बांधली, शाळा काढल्या. पुष्कळांना तेही पुरलं नाही आणि ती जमीन शेजारच्या रँचवाल्याला विकून निघून गेली. जुन्या नकाशांवर कुठेतरी एकटीच एक खोलीची शाळा दिसते, आजूबाजूला घर नाही. या लोकांच्या वस्तीचा तो मागे राहिलेला पुरावा.

विंडमिल हा शब्द इतक्यांदा का?

मला या कागदावरचा सगळ्यात बोलका भाग हाच वाटतो. पवनचक्की म्हटलं की आपल्याला साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरची वीज तयार करणारी उंच पांढरी पाती आठवतात. ही ती नव्हे. ही लोखंडी शिडीसारख्या मनोऱ्यावर बसवलेली, पुष्कळ पात्यांची, पाणी उपसणारी चक्की. वाऱ्याने चाक फिरतं, चाकाला जोडलेला लांब दांडा खाली बोअरमध्ये वरखाली होतो आणि प्रत्येक हेलकाव्याला थोडं पाणी वर येतं. हापशीचा दांडा माणसाऐवजी वारा हलवतो, एवढंच. डॅनियल हॅलडे याने १८५४ मध्ये अशी चक्की काढली की जी वाऱ्याकडे आपोआप तोंड करते आणि वादळात आपोआप अंग चोरते. त्यामुळे तिच्याजवळ माणूस बसवायची गरज उरली नाही. जिथे दहा मैलांत माणूस नाही, तिथे याची किंमत काय असेल ते बघा.

चक्कीचं पाणी शेजारच्या गोल उघड्या टाकीत पडतं. उन्हाळ्यात एक मोठं जनावर दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी सहज पितं. आणि जनावर पाण्यापासून फार लांब चरायला जात नाही. मैल-दीड मैलाच्या पलीकडचं गवत कितीही कोवळं असलं तरी तसंच राहतं आणि टाकीजवळचं पार खुरांखाली तुडवलं जातं. म्हणून शहाणा रँचवाला एका जागी मोठी सोय न करता कुरणभर चक्क्या विखरून ठेवतो.

आता नकाशाकडे परत बघा. प्रत्येक विंडमिलभोवती मैलभराचं वर्तुळ मनात काढा. सगळी वर्तुळं मिळून कागद भरून जातो. पॉवेल म्हणत होता की हद्दी पाण्याप्रमाणे आखा. कायद्याने त्या चौकोनातच आखल्या, तेव्हा माणसांनी पाणीच चौकोनाचौकोनात नेऊन बसवलं. हे शक्य झालं कारण खाली पाणी आहे, आणि खोल नाही.

ते पाणी म्हणजे ओगालाला या नावाने ओळखला जाणारा, आठ राज्यांखाली पसरलेला भूजलसाठा. दक्षिणेकडे कॅन्सस आणि टेक्सासमध्ये मोटारी लावून उपसल्यामुळे त्याची पातळी खूप खाली गेली. सँडहिल्समध्ये ती बऱ्यापैकी टिकून आहे, कारण इथली वाळू पाऊस जिरवत राहते. काही वर्षांपूर्वी कीस्टोन एक्सएल ही कॅनडातून येणारी तेलाची पाइपलाइन जगभर गाजली. तिचा पहिला मार्ग याच टेकड्यांतून जात होता. रँचवाले, लाकोटा आदिवासी आणि पर्यावरणवाले एका बाजूला आले. रँचवाल्यांचा मुद्दा साधा होता: पाणी इतकं वर असताना वाळूत तेल गळलं तर अडवणार कसं? मार्ग बदलावा लागला आणि २०२१ मध्ये तो प्रकल्पच कंपनीने सोडून दिला. रँचवाल्यांची ही काळजी ज्याला पटत नसेल त्याने जुन्या नकाशावरचे निळे तुकडे मोजावेत.

पण गूगल आहे की!

आहे, आणि रस्ता शोधायला तेच वापरावं. पण गूगलवर हा भाग उघडलात तर फिकट पोकळी दिसते. उपग्रहाचं चित्र लावलं तर टेकड्या दिसतात, पण नाव नाही, उंची नाही, कुठलं तळं बारमाही आणि कुठलं नाही तेही कळत नाही. उपग्रह एका क्षणाचा फोटो काढतो. जुन्या नकाशासाठी माणूस तिथे गेला होता. सुरुवातीच्या काळात तिपाईवर फळी ठेवून, फळीवर कागद लावून, दुर्बिणीच्या पट्टीने एकेक टेकडी बघत तिथेच नकाशा काढत. पुढे विमानातून घेतलेले फोटो आले, तरी माणूस फोटो घेऊन गावात, रँचवर जायचा आणि विचारायचा: या तळ्याला काय म्हणतात? ही चक्की चालू आहे का?

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानेच २००९ पासून संगणकावर तयार होणारे नवे नकाशे सुरू केले. ते देखणे आहेत आणि लवकर अद्ययावत होतात. पण सुटी घरं, पवनचक्क्या अशा बारीक खुणा त्यांच्यावर सहसा नसतात, कारण त्या टिपायला आता कुणी जात नाही. या बाबतीत जुना कागद नव्यापेक्षा श्रीमंत आहे.

मोबाइलशी जुळत नाही, मग नकाशा चुकलाय का?

जुन्या नकाशावरून एखाद्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश काढले आणि ते तसेच मोबाइलमध्ये टाकले, तर बाण भलतीकडे पडतो. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ठिकाणानुसार दहा ते शंभर मीटरचा फरक पडतो. लोकांना वाटतं, पूर्वीचे लोक ढोबळ मोजायचे. तसं नाही. या नकाशांचा नियम होता की स्पष्ट ओळखता येणाऱ्या दहा ठिकाणांपैकी नऊ तरी खऱ्या जागेपासून चाळीस फुटांच्या आत असली पाहिजेत.

फरक मोजायला सुरुवात कुठून केली त्यात आहे. एकाने घराचा पत्ता पाराच्या वडापासून सांगितला आणि दुसऱ्याने एसटी स्टँडपासून, तर दोघांची पावलं वेगळी भरतील. दोघेही खरं बोलतायत. नकाशाशास्त्रात या पाराच्या वडाला, म्हणजे मोजणीचा आरंभ आणि त्यासाठी धरलेला पृथ्वीचा आकार यांना मिळून, डेटम म्हणतात.

आणि जुन्या अमेरिकन नकाशांचा पार कुठे आहे? एका कुरणात! कॅन्सस राज्याच्या ऑसबर्न काउंटीत मीड्स रँच नावाची जागा आहे. तिथे १८९१ मध्ये मोजणीची खूण बसवली. मोजणीसाठी एकाला एक जोडत नेलेल्या त्रिकोणांची देशातली पूर्व-पश्चिम जाणारी मोठी मालिका आणि उत्तर-दक्षिण जाणारी दुसरी मालिका तिथे एकमेकींना छेदत होत्या. १९०१ मध्ये तीच खूण साऱ्या देशाचा आरंभबिंदू ठरली. १९१३ मध्ये कॅनडा आणि मेक्सिकोनेही ती मान्य केली. १९२७ मध्ये सगळी गणितं नव्याने जुळवली तेव्हाही आरंभ तोच राहिला. न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती असोत की मेक्सिकोचे ज्वालामुखी, सगळ्यांची कागदावरची जागा गवतात गाडलेल्या एका धातूच्या चकतीपासून मोजली गेली. उपग्रह आल्यावर पृथ्वीच्या मध्यापासून मोजायची सोय झाली आणि ती चकती निवृत्त झाली.

आपल्याकडेही हेच घडलं. आपल्या जुन्या टोपोशीटचा पार मध्य प्रदेशात सिरोंजजवळच्या कल्याणपूरला आहे. मद्रासकडून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे ओढत नेणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये वाटेतच वारला, तो आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी टोपोशीट घेऊन सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हाच फरक भेटतो, आणि उपायही तोच: नकाशाच्या खालच्या समासात डेटमचं नाव वाचा आणि मोबाइलच्या ॲपमध्ये तो निवडा. बाण जागेवर येतो.

जमीन कुणाची, ते यावरून कळतं का?

नाही. हा सातबारा नव्हे. तांबडे चौकोन सरकारने जमीन कशी मोजली ते सांगतात, आज ती कुणाकडे आहे ते नाही. त्यासाठी काउंटीच्या कचेरीत दप्तर बघावं लागतं.

आधी ती कुणाची होती, तेही हा नकाशा सांगत नाही, आणि मला ही त्याची मोठी उणीव वाटते. लाकोटा, पॉनी, शायान हे लोक इथे रानगव्यांमागे हिंडत होते. १८२० मध्ये स्टीफन लाँगची मोहीम या मैदानांतून गेली आणि तिच्या नकाशावर 'ग्रेट डेझर्ट', म्हणजे महावाळवंट, असं लिहिलं गेलं. माणसं असलेल्या मुलखाला एका शब्दात ओसाड ठरवलं. नंतर त्याच पाटीवर तांबडे चौकोन आखले. आज चेरी काउंटीच्या उत्तरेला, साउथ डकोटाच्या हद्दीत, लाकोटांसाठी राखलेले पाइन रिज आणि रोझबड हे दोन मुलूख आहेत. नकाशा त्यांच्या जुन्या वाटांबद्दल गप्प आहे.

नकाशाचं वय कसं ओळखायचं?

खालच्या समासात एकाहून जास्त वर्षं छापलेली असतात आणि तिथेच लोक फसतात. विमानातून फोटो कधी घेतले, माणूस जाऊन खात्री कधी केली, छपाई कधी झाली, ही तीन वेगळी वर्षं. खरं वय खात्री केल्याच्या वर्षाचं. कुठे जांभळा रंग दिसला तर ती नंतरची भर: नव्या फोटोंवरून टाकलेली, प्रत्यक्ष जाऊन न तपासलेली. म्हणून जांभळ्या घरावर काळ्या घराइतका विश्वास ठेवू नये. समासातच होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन दाखवलेला असतो. तो वर्षांगणिक बदलतो. महाराष्ट्रात हा फरक इतका किरकोळ आहे की आपण तो विसरून जातो. नेब्रास्कात तो काही अंशांचा आहे आणि विसरला तर माणूस भलत्याच टेकडीमागे निघतो.

भाचा सुट्टी संपवून परत गेल्यावर वसंतात त्या भागात जाऊन आला. नकाशावरचा एक विंडमिल त्याने आधीच निवडला होता, सोळाव्या सेक्शनमधला. रँचवाल्याला फोन करून परवानगी घेतली, मोबाइलमध्ये १९२७ चा डेटम लावला आणि वाटीच्या कडेवरून चालत खाली उतरला. तिथून त्याने आईला फोटो पाठवला. मनोरा उभा होता, पण वरचं चाक नव्हतं. शेजारी जमिनीवर सौर पंपाच्या दोन पाट्या बसवल्या होत्या. गोल टाकी जुन्याच जागी होती, भरलेली, आणि भोवती चिखलात खुरांचे ठसे होते.